जॅक लंडनने सेकंड हँड बोटीही घेतल्या आणि कोरी करकरीतही. खिसा फाडला तो नव्या बोटीने

नवी गाडी घ्यायची की सेकंड हँड, यावर आपल्याकडे घराघरात वाद होतात. एक काका सांगतात, नवीच घे, नंतरची कटकट नको. दुसरे म्हणतात, शोरूमच्या बाहेर काढली की किंमत उतरते, त्यापेक्षा चांगली वापरलेली बघ. दोघांचंही खरं असतं, म्हणून वाद कधी मिटत नाही.

हौसेची बोट घेणाऱ्यांमध्येही हाच वाद चालतो. फरक एवढाच, की तिथे अंदाज चुकला तर कडेला थांबून मेकॅनिकला फोन करायची सोय नसते.

या वादाची दोन्ही टोकं एकाच माणसाने स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या अंगावर अनुभवली. तो माणूस म्हणजे अमेरिकन लेखक जॅक लंडन. 'द कॉल ऑफ द वाइल्ड' आणि 'व्हाइट फँग' या पुस्तकांमुळे जगभर गाजलेला. त्याला आयुष्य मिळालं जेमतेम ४० वर्षांचं. पोरवयातली छोटी होडी सोडली, तर त्यात त्याने चार बोटी बाळगल्या. तीन दुसऱ्याने वापरलेल्या, आणि एक स्वतः बांधून घेतलेली.

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. घरात पैशाची कायम चणचण. पुढे कुटुंब खाडीपलीकडच्या ओकलंडला आलं आणि पोराला पाण्याचं वेड लागलं. पोरवयातच १४ फुटांच्या छोट्या होडीत तो शीड कसं सांभाळायचं ते शिकला. शिकवायला कुणी नव्हतं. वारा आणि भरती-ओहोटी याच त्याच्या मास्तर.

पण पोट भरायचं तर काम हवं. मग तो डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लागला. तासाला १० सेंट मजुरी, आणि कामाचे तास इतके की घरी येऊन झोपायचं आणि उठून परत जायचं.

खाडीत तेव्हा एक धंदा जोरात होता, कालवं चोरण्याचा. खाजगी मालकीच्या कालवांच्या पट्ट्यात रात्री ओहोटीला घुसायचं, पोती भरायची आणि पहाटे ओकलंडच्या बाजारात विकायची. पकडलं तर तुरुंग, नाही पकडलं तर कारखान्यातल्या कित्येक दिवसांची मजुरी एका रात्रीत. त्यासाठी बोट हवी होती, आणि फ्रेंच फ्रँक नावाचा एक मुरलेला कालवंचोर आपली 'रॅझल डॅझल' विकायला निघाला होता. एका डोलकाठीची, स्लूप प्रकारातली शिडाची बोट. किंमत ३०० डॉलर्स.

हिशोब करून बघा. तासाला १० सेंट म्हणजे ३०० डॉलर्ससाठी ३,००० तास. रोज १० तास राबलं आणि एक पैसाही खर्च केला नाही, तरी ३०० दिवस. जॅकने पैसे उसने घेतले ते व्हर्जिनिया प्रेंटिसकडून. ही त्याची दाई. तान्ह्या जॅकला तिने दूध पाजलं होतं. गुलामगिरीत जन्मलेली ही कृष्णवर्णीय बाई, आणि तिने साठवलेले पैसे एका १५ वर्षांच्या पोराच्या हातात ठेवले. ही बाई नसती तर जॅकची समुद्राशी गाठ कशी पडली असती, कोण जाणे.

तर पहिली बोट सेकंड हँड, उधारीवर, आणि कुठलीही तपासणी न करता घेतलेली. ती बुडाली नाही, फुटलीही नाही. तिला मारलं ते तिच्यावरच्या माणसांनी. दारू, भांडणं, टोळीतले हेवेदावे, आणि एका रात्री तिचं मोठं शीडच जळालं. काही महिन्यांत ती निकामी झाली. म्हणजे जुनी बोट दगा देते म्हणणाऱ्यांना रॅझल डॅझलचं उदाहरण देता येणार नाही. कोरी असती तरी तिचं हेच झालं असतं.

मग गडी फिरला आणि चोर सोडून शिपायांच्या बाजूला गेला. मासेमारीचे कायदे मोडणाऱ्यांना पकडणाऱ्या सरकारी गस्तीत. १८९३ मध्ये 'सोफिया सदरलँड' या सीलची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून तो जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला. त्या सफरीतल्या वादळावर लिहिलेल्या लेखाला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राचं २५ डॉलर्सचं पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर भटकंती, ३० दिवसांचा तुरुंग, अर्धवट सोडलेलं कॉलेज, १८९७ ला क्लोंडाइकमधली सोन्याची शोधाशोध. सोनं काही मिळालं नाही. स्कर्व्ही झाला आणि डोक्यात गोष्टी भरून परतला.

त्या गोष्टींनी पैसा दिला. १९०३ मध्ये 'द कॉल ऑफ द वाइल्ड' आलं. त्याचे पुस्तकाचे हक्क त्याने मॅकमिलन कंपनीला २,००० डॉलर्सना एकरकमी विकून टाकले. पुस्तक पुढे कित्येक वर्षं खपत राहिलं, त्यातलं याला काही नाही. पण हातात पैसे आले आणि पठ्ठ्याने काय घेतलं? बोट. तीही वापरलेली, स्लूपच, नाव 'स्प्रे'.

ही दुसरी बोट त्याला लाभली. खाडीत आणि नदीच्या मुखाशी तिच्यात फिरायचं, तिच्यातच झोपायचं, तिच्यातच लिहायचं. पुढच्या वर्षी गाजलेल्या 'द सी वुल्फ' कादंबरीचा काही भाग याच बोटीवर लिहून झाला. काय घेतलं आणि ते कशासाठी, याचा मेळ बसला की बोट अशी निमूटपणे काम करते. म्हणून स्प्रेबद्दल फारसं सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पुढच्या बोटीबद्दल.

१९०५ च्या उन्हाळ्यात सोनोमा खोऱ्यातल्या ग्लेन एलन गावी जॅक एक पुस्तक वाचत होता. कॅप्टन जोशुआ स्लोकमचं, एकट्याने शिडाच्या बोटीतून केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचं. योगायोग असा, की स्लोकमच्या बोटीचं नावही स्प्रेच.

ती स्प्रे कशी होती ते पाहण्यासारखं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावात एका शेतात टेकू लावून, वर ताडपत्री टाकून ठेवलेला तो एक म्हातारा सांगाडा होता. एका ओळखीच्या कॅप्टनने १८९२ मध्ये तो स्लोकमला देऊन टाकला. यात थोडी थट्टाच होती. स्लोकमने कुरकुर केली नाही. कुऱ्हाड घेऊन जवळचं ओकचं झाड पाडलं, त्याचा नवा कणा केला, एकेक फळी बदलत गेला. १३ महिने लागले आणि सामानाला ५५३ डॉलर्स ६२ सेंट. याच बोटीत तो १८९५ मध्ये बोस्टनहून निघाला आणि ४६,००० मैल फिरून १८९८ मध्ये परत आला. इंजिन नव्हतं. फळी न् फळी त्याच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे कुठे काय आहे हे अंधारातही ठाऊक.

जॅकने हे वाचलं आणि ठरवलं की आपणही जगप्रदक्षिणा करायची. सात वर्षांची. पण पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे बोट कशी तयार झाली तो, त्याने सोडून दिला. जुनी बोट शोधून दुरुस्त करायची नाही, आपल्याला हवी तशी नवी बांधायची, असं ठरलं. जगातली सगळ्यात मजबूत, सगळ्यात सोयीची.

नाव ठेवलं 'स्नार्क'. अंदाजपत्रक ७,००० डॉलर्सचं. एकूण लांबी ५५ फूट, दोन डोलकाठ्या, ज्याला केच म्हणतात तो प्रकार. वर ७० हॉर्सपॉवरचं इंजिन. तेच इंजिन बंदरात विजेचे दिवे लावणार, पंखे फिरवणार, नांगर ओढणार. पाणी आत शिरलंच तर एकाच कप्प्यात अडावं म्हणून जलरोधक भिंती. आणि जॅकचा लाडका म्हणजे बाथरूम, पंप, खटके आणि नळांच्या करामतीने सजवलेलं.

लोखंडी कण्याचं ओतकाम ठरलं होतं १८ एप्रिल १९०६ च्या संध्याकाळी. त्याच दिवशी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तो प्रसिद्ध भूकंप झाला. पाठोपाठ आगीने शहर खाल्लं. जॅक आणि त्याची बायको शार्मियन जळत्या शहरातून रात्रभर फिरले, त्यावर त्याने मासिकाला लेखही दिला. पण बोटीचं काम अडकलं. अख्खं शहर पुन्हा बांधायचं होतं. सुतार, लोहार, लाकूड, लोखंड, सगळ्याची टंचाई आणि भाव आकाशाला.

इथेच जॅकने हात आखडता घ्यायला हवा होता, असं आज सहज म्हणता येतं. पण नवी बोट बांधायला काढणाऱ्याची गोची हीच असते. अर्धवट बोटीला गिऱ्हाईक नसतं. घातलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून आणखी पैसे घालावे लागतात. ११५ वेगवेगळ्या दुकानदार-कंपन्यांशी त्याला व्यवहार करावा लागला, आणि कुणी वेळेवर माल दिला तर नवल. मासिकांकडून आगाऊ घेतलेले पैसे, नव्या कथांचे पैसे, सगळं त्या सांगाड्यात जात होतं.

देखरेखीला त्याने ठेवलं होतं शार्मियनच्या काकांना, रॉस्को इम्स यांना. नात्यातला माणूस, विश्वासाचा. पण महासागरात जाणाऱ्या बोटीची बांधणी तपासणं हा वेगळाच धंदा आहे. जॅक सहीचे चेक पाठवत राहिला आणि फळ्यांच्या आत काय चाललंय हे कुणी बघितलंच नाही. स्लोकमच्या आणि याच्या बोटीत खरा फरक इथे होता. जुनी की नवी हा मुद्दा त्यानंतरचा.

निघायची तारीख होती १ ऑक्टोबर १९०६. ती गेली, नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. वर्तमानपत्रांना विषय मिळाला, लोक पैजा लावू लागले. वैतागून जॅकने ठरवलं, अपुरी तर अपुरी, हिला अशीच होनोलुलूला नेऊ आणि तिथे पूर्ण करू. तर बोट लगेच गळायला लागली. मग दोन गाधांच्या मध्ये सापडून दोन्ही बाजूंनी चेपली. दुरुस्तीला वर ओढायला गेले तर खालचे रूळ फाकले आणि ती चिखलात मागच्या टोकावर बसली. ओढून काढताना इंजिनाखालची बैठक मोडली, इंजिन निकामी झालं. शेवटी त्या महागड्या इंजिनाला बांधून ठेवलं आणि नुसतं वजन म्हणून हवाईपर्यंत नेलं.

निघायच्या ऐन तोंडावर एका व्यापाऱ्याने २३२ डॉलर्सच्या बाकीसाठी कोर्टातून जप्ती आणली. डोलकाठीला नोटीस चिकटली. ३०,००० डॉलर्सची बोट २३२ डॉलर्ससाठी अडकून पडली. ७ हजारांच्या अंदाजाचे ३० हजार झाले होते, ते असे.

२३ एप्रिल १९०७ ला स्नार्क एकदाची सुटली. आणि गोल्डन गेटच्या बाहेर पडल्यावर नवेपणाचे सगळे दोष एकेक करत वर आले. तळातून पाणी, बाजूने पाणी. जलरोधक भिंतींमधून पाणी खुशाल इकडून तिकडे जात होतं. पेट्रोलच्या टाक्या झिरपत होत्या. जीव वाचवायची होडीसुद्धा गळकी निघाली. लोखंडी सामान खात्रीचं म्हणून घेतलेलं, ते काडीसारखं मोडलं. लाडकं बाथरूम पहिल्या दिवसातच बंद पडलं.

सगळ्यात वाईट गोष्ट वादळात कळली. शिडाची बोट मोठ्या वादळात सापडली की शिडं आवरून तिचं नाक वाऱ्याकडे करून ठेवतात, म्हणजे लाटा समोरून येतात आणि बोट टिकते. स्नार्क नाक वळवायलाच तयार नव्हती. आडवी पडून लाटा अंगावर घ्यायची. महासागरासाठी मुद्दाम आखलेल्या बोटीत हा दोष असेल, असं कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

नेमकी हीच गोष्ट वापरलेल्या बोटीबाबत आधी कळते. दहा वर्षं समुद्रात काढलेली बोट नाक वळवते की नाही, कुठल्या सांध्यातून झिरपते, हे आधीच्या मालकाला ठाऊक असतं, आणि लपवलंच तर एका चाचणी फेरीत दिसतं. जुन्या बोटीची भीती दुसरी असते. रंगाखाली कुजलेलं लाकूड, गंजलेले बोल्ट. ते टोचून, ठोकून शोधावे लागतात, आणि शोधणारा जाणकार हवा. नवी बोट कुजलेली नसते, पण तिची परीक्षाच झालेली नसते. ती परीक्षा पहिला मालक देतो, स्वतः बोटीवर बसून.

भरीस भर म्हणजे रॉस्को काकांना दिशाशास्त्र येतच नाही, हे समुद्रात कळलं. जॅकने पुस्तकं उघडली, सेक्स्टंट हातात घेतला आणि सूर्य बघून जागा काढायला स्वतःच शिकला. २७ दिवसांनी हवाई दिसलं, तेव्हा त्याचा आनंद बोटीपेक्षा या गणिताचाच जास्त असावा.

हवाईत दुरुस्तीला जवळपास पाच महिने गेले. ते मात्र वाया गेले नाहीत. वायकीकीच्या लाटांवर तो फळी घेऊन पडला, उन्हाने भाजून निघाला आणि सर्फिंगवर असा लेख लिहिला की अमेरिकेतल्या वाचकांना या खेळाची ओळख झाली. मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाऊन त्यांच्याबद्दलची भीती कमी करणारं लिहिलं. 'मार्टिन इडन' ही त्याची सर्वात गंभीर कादंबरी याच सफरीत लिहून झाली. रोज सकाळी १,००० शब्द, बोट कितीही हलत असली तरी. बिलं भागवायची तर दुसरा मार्गही नव्हता.

हवाईहून मार्केसस बेटांपर्यंतच्या प्रवासाला ६० दिवस लागले. वाटेत नळ उघडा राहून गोडं पाणी वाहून गेलं, माणशी मोजून पाणी प्यायची वेळ आली, शेवटी पावसाने वाचवलं. घरी बातमी नाही, म्हणून वर्तमानपत्रांनी स्नार्क बुडाली असं धरलं. ताहितीला पोचल्यावर जॅकला पैशाचा घोळ निस्तरायला आगबोटीने सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन यावं लागलं.

नंतर सामोआ, फिजी, न्यू हेब्रिडीज, सॉलोमन बेटं. तिथे बोटीपेक्षा माणसं आधी मोडली. मलेरिया, अंगावर न भरणाऱ्या जखमा, आणि जॅकच्या हातांची कातडी सुजून सोलून निघायला लागली. दोरी धरता येईना. १९०८ च्या नोव्हेंबरात त्याला सिडनीला आणून ऑपरेशन करावं लागलं. सात वर्षांची प्रदक्षिणा दीड वर्षात, अर्ध्या वाटेवर संपली. बोटीवर स्वयंपाकी म्हणून आलेला कॅन्ससचा पोरगा मार्टिन जॉन्सन तेवढा शेवटपर्यंत टिकला. पुढे त्याने बायको ओसासोबत आफ्रिकेतल्या प्राण्यांचे चित्रपट काढून नाव कमावलं.

स्नार्क ऑस्ट्रेलियात विकली. बांधणीच्या खर्चाचा अगदी छोटा हिस्सा हातात आला. ज्यांनी घेतली त्यांना गळती काढलेली, इंजिन दुरुस्त झालेली, हजारो मैल फिरून सिद्ध झालेली मजबूत सांगाड्याची बोट कवडीमोलाने मिळाली. ते तिला दक्षिण समुद्रातल्या बेटांवर व्यापारासाठी वापरू लागले.

जॅक परत आला तो कर्जात आणि आजारी. १९१० च्या जून महिन्यात शार्मियनला मुलगी झाली, जॉय, आणि दोन दिवसही जगली नाही. त्याच वर्षी, वर्ष सरता सरता, जॅकने चौथी बोट घेतली. 'रोमर', ३० फुटांची यॉल. पुन्हा वापरलेली. या वेळी जगप्रदक्षिणा वगैरे काही नाही. सॅन फ्रान्सिस्कोची खाडी, सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांचा त्रिभुज प्रदेश, म्हणजे १५ व्या वर्षी तो जिथे कालवं चोरत होता तेच पाणी.

दर हिवाळ्यात तो, शार्मियन आणि त्यांचा जपानी मदतनीस नाकाता आठवडेच्या आठवडे रोमरवर राहायचे. सकाळी १,००० शब्द, मग नांगर उचलायचा. दुपारी बदकं, मासे, पत्ते. काही मोडलं तर किनारा जवळ आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने होण्यासारखी. छोट्या बोटी हाकण्यावरचा त्याचा प्रसिद्ध लेख याच बोटीवरचा. सोनोमा क्रीकमध्ये नांगरलेल्या रोमरवर, १५ एप्रिल १९११ ही तारीख घालून त्याने तो पुरा केला. खरा खलाशी छोट्या बोटीवरच तयार होतो, असा त्यातला सूर आहे. मोठ्या, सजवलेल्या बोटींचं कौतुक त्यात शोधून सापडत नाही.

नव्या वस्तूंची हौस त्याची पुरती गेली होती असं मात्र नाही. त्याच काळात तो ग्लेन एलनला दगड आणि रेडवुडचं प्रचंड घर बांधत होता, वुल्फ हाउस. ऑगस्ट १९१३ मध्ये, राहायला जायच्या तोंडावर, ते एका रात्रीत जळून गेलं. त्यानंतरच्या थंडीतही रोमर पाण्यात होती. मूत्रपिंडाचं दुखणं वाढत गेलं, तशा फेऱ्या कमी झाल्या. २२ नोव्हेंबर १९१६ ला, ग्लेन एलनच्या आपल्या मळ्यावर, जॅक लंडन गेला.